पार्वतीबाईचं तूप

पार्वतीबाईच्या हाताला एक खोड होती. लेकाच्या ताटात तूप वाढताना तो हात थांबत नसे, आणि सुनेच्या ताटापाशी आला की त्याच हाताला लकवा मारायचा. मधल्या एवढ्याशा अंतरात हाताला काय होई, ते एक देव जाणे नाहीतर पार्वतीबाई.

तापीकाठच्या गुजरांमध्ये घरची ऐपत म्हशींवरून कळते आणि माणुसकी तुपावरून. पार्वतीबाईच्या गोठ्यात म्हशी भरपूर होत्या. तिच्या ओसरीवर कुत्रंसुद्धा कोरड्या भाकरीला तोंड लावत नाही, असं गावात म्हणत. हे म्हणणं गावात तिनंच सोडलं होतं, पण ते जाऊ द्या. नवरा रतिलाल केळीचं बघायचा आणि बायकोच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायचा. दोन्ही कामं तो नेटानं करी.

एकुलता एक लेक चुनीलाल. मिसरूड फुटायच्या आधीच त्याला सुरतेला मामाच्या कापडदुकानात धाडलं होतं, शहाणा व्हावा म्हणून. तिथं तो पेढीवर निजला, गटारावरचे डास खाल्ले नि डासांना स्वतःला खाऊ दिलं, आणि कितीतरी वर्षांनी शहाणा होऊन परत आला. लगोलग लग्न उरकलं. शहाद्याकडच्या दगा पाटलाची रंजना सून म्हणून घरात आली. आणि वर्ष सरलं नाही तोच एका सकाळी न्हाणीच्या मोरीतून पांढराशुभ्र ओघळ वाहताना पार्वतीबाईनं पाहिला. आधी तिला वाटलं, सुनेनं दूध सांडलं. तशी ती सुनेला दोन शब्द बोललीसुद्धा. मग कळलं की ते दूध नव्हतं, लेकाची लघवी होती.

बाई मटकन खालीच बसली. असलं दुखणं सांगायचं तरी कुणाला? गावातल्या छगन वैद्याला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितल्यासारखंच, पण तेवढी अक्कल त्या घडीला कुणाला सुचते! छगननं नाडी धरली, डोळे मिटले, आणि ते उघडले तेव्हा चेहरा असा केला की आता तिरडीच बांधायला सांगतो.

“पार्वतीबाई, हाई दूध नही. पोऱ्याना धातू जाई ऱ्हायना. अंगमाना जीव निथळी ऱ्हायना.”

“मंग काय करानं?”

“जेवढं जास तेवढं भरानं. तूप. सकाय तूप, सांजले तूप. मन्हा पाक शेच. आनि सूनले जरा आलग झोपाड. तिनी नदर भारी शे.”

औषध तर बाईच्या आवडीचंच निघालं. त्या दिवसापासून चुनीलालच्या ताटात भाकरी तुपात पोहायला लागली. खिचडीत तूप, डिंकाच्या लाडवात तूप, छगनच्या पाकात तूप. पाकातली मुसळी छगन म्हणे काठी गावच्या होळीला जाऊन सातपुड्यातून आणी, आणि तिचा भाव दर होळीला चढे. आणि काय चमत्कार! जसजसं तूप वाढलं तसतसा मोरीतला ओघळ आणखी पांढरा झाला. पोरगा वाळत चालला, डोळे खोल गेले, बाह्यांत हात शोधावे लागायला लागले. पार्वतीबाई ओघळ बघे आणि म्हणे, अगं माय, अजून जाऊनच राहिलंय, म्हणजे तूप कमीच पडतंय. मग दुसऱ्या दिवशी आणखी एक पळी. मध्ये एकदा चातुर्मासात चुनीलालनं आठवडाभर तूप सोडलं होतं, आणि तो आठवडा मोरी स्वच्छ होती. पार्वतीबाईला ते आठवत होतं. तिच्या मते तो देवाचा प्रसाद होता, आणि देवानं एवढं केल्यावर तिनं आनंदानं तूप दुप्पट केलं.

सुनेला तिनं स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खाटेशेजारी झोपायला घातलं आणि खोलीला आतून कडी लावली. अशी दोन वर्षं कडी लावल्यावर मग गावभर सांगायला लागली, “वांझ शे हो मन्ही सून. आजपावत कूस उजवनी नही.” कडीचा विषय काढायची कुणाची टाप नव्हती. रंजना ऐकून घेई, खाली मान घालून कोरडी भाकरी मोडी, आणि म्हशींचं दूध काढायला जाई. तूप कढवणं तिचं काम, चाखणं तिचं काम नव्हे.

शेवटी पार्वतीबाईनं ठरवलं: फारकती. पोराचा जीव वाचवायचा तर ही अवदसा बाहेर काढायची आणि दुसरी, चांगल्या पायगुणाची आणायची. दगा पाटलाला निरोप गेला. दगा आला, ओसरीवर बसला, चहा प्याला नाही.

“माले पोर जड नही,” तो म्हणाला. “पन दोष कोना शे ते ठरू द्या. जवाईले दवाखानामा दखाडा. डाक्टरनी सांगं का पोऱ्या धडधाकट शे, तं मी मन्ही पोर गुपचूप लई जासू. पुढला गुरुवारले समाजना चार मानसं बलावा. नही तं फारकतीनं नाव काढू नका.”

दगा तेवढ्यावर थांबला नाही. जाता जाता वाटेवरच्या सरकारी दवाखान्यात उतरला आणि जावयाचं दुखणं डॉक्टरच्या कानावर घालून गेला. डॉक्टर पाटणकर नवाच होता, विदर्भाकडचा, सायकलवर फिरणारा. त्यानं उलट निरोप धाडला: मुलगा येत नसेल तर निदान सकाळच्या लघवीची बाटली पाठवा.

पार्वतीबाईच्या पायाखालची जमीन सरकली. घरच्या लेकाचं ते असलं पांढरं पाणी बाटलीत भरून दवाखान्यात पाठवायचं? तिथला कंपाउंडर बाटली उजेडात धरणार, आणि संध्याकाळपर्यंत प्रकाशा गावच्या बाजारात केळीवाल्यापासून केदारेश्वराच्या गुरवापर्यंत सगळ्यांना कळणार की रतिलालच्या पोरात काही राम नाही. शिवाय तिला हवी होती स्वच्छ बाटली. बाटली स्वच्छ तर पोरगा धडधाकट, पोरगा धडधाकट तर दोष सुनेचा. इतका सरळ हिशेब असताना पोटच्या पोराचीच बाटली कशाला पाहिजे?

गोठ्यात त्यांचा सालदार भिला शेण ओढत होता. डोंगराकडचा भिल्ल, अंगानं लोखंडाची कांब. पार्वतीबाईनं पदराखालून बाटली काढली.

“भिला, हाई धर. सकायनं पयलं पानी यामा भर. तुन्ही तब्येत दखाडनी शे.”

“मन्ही?” भिलाच्या हातातलं घमेलं खाली आलं.

“तुन्ही नही तं कोनी? बैलनी?”

भिलानं निमूट बाटली भरली. रतिलालनं ती कोटाच्या आत दडवून दवाखान्यात नेली. ती कुणाची, हे त्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला न सांगितलेल्या गोष्टी इतक्या होत्या की त्यात एकीची भर. डॉक्टरनं बाटली हलवली, काचेच्या नळीत ओतली, काहीतरी केलं आणि म्हणाला, “साफ आहे. पण या दुखण्यात एकदा साफ निघून भागत नाही. असं करा, आदल्या दिवशी संध्याकाळी मुलाला पावशेर तूप खाऊ घाला आणि मग सकाळची बाटली आणा. हा रोग तुपानंच उघडा पडतो.”

रतिलालनं निरोप शब्दनशब्द आणून पोचवला. त्यात शेवटचं वाक्य केवढ्या मोलाचं होतं! पण पार्वतीबाईला त्यातले दोनच शब्द ऐकू आले: पावशेर तूप. आणि ते जाणार कुणाच्या पोटात? भिलाच्या! जिनं सुनेला थेंब दाखवला नाही, तिनं सालदाराला पावशेर पाजायचं! पण आता माघार कशी घ्यायची? एक खोटं बोललं की दुसरं तुपात तळावं लागतं.

तिन्हीसांजेला भिला ओट्याखाली जेवायला बसला. पार्वतीबाईनं त्याच्या भाकरीवर तूप ओतलं. भिलानं वर बघितलं. तिनं आणखी ओतलं. भिला घाबरून मागं सरकला.

“खाय. बठ्ठं खाय, थेंब बी ठेवू नको.”

“बाई, मन्हं काही चुकनं का?”

“मुकाट्यानं खाय म्हनस ना!”

तो खात होता आणि ती समोर उभी राहून प्रत्येक घास त्याच्या घशाखाली जाताना बघत होती. आतून रंजना भांडी घासता घासता सगळं पाहत होती. त्या घरात सुनेनं प्रश्न विचारायचा नसतो, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

दुसरी बाटलीही झऱ्याच्या पाण्यासारखी निघाली. डॉक्टर म्हणाला, मुलाला काही झालेलं नाही. पार्वतीबाईनं देवापुढं साखर ठेवली. आता गंमत बघा. बाटली भिलाची होती हे तिला सोमवारी पक्कं ठाऊक होतं. मंगळवारी ती गोष्ट जरा पुसट झाली. बुधवारी ती शेजारणीला छातीठोक सांगत होती, “मन्हा पोऱ्या हिरा शे हिरा, डाक्टरनी सोता सांगं!” खोटं बोलावं तर असं, की आधी आपलाच विश्वास बसावा.

पण तुपाचा परिणाम भलतीकडेच झाला होता. भिला त्या दिवसापासून झोपला नव्हता. त्यानं बायकोला, सोनीबाईला, सगळं सांगितलं होतं: मालकिणीनं तब्येत दाखवली, बाटली नेली, आणि मग स्वतःच्या हातानं तूप वाढलं. सोनीबाईनं कपाळाला हात लावला. बोकडाला कापायच्या आधी असंच खाऊ घालतात, ती म्हणाली. भिलालाही ते पटलं. पार्वतीबाई सालदाराला तूप घालते म्हणजे सालदार आता वाचत नाही, एवढं तर गोठ्यातल्या म्हशीलाही कळलं असतं. बुधवारी दुपारी त्यानं काम टाकलं आणि धापा टाकत दवाखाना गाठला.

“साहेब, मी कव्हय मरसू?”

डॉक्टरला आधी काही समजेना. मग भिलानं बाटली सांगितली, तूप सांगितलं, बाईंचं उभं राहून बघणं सांगितलं. डॉक्टर पोट धरून हसला. मग त्यानं विचारलं, घरात चाललंय काय? भिलानं सांगितलं की उद्या पंच बसणार, सूनबाईंना काढून देणार. तसा डॉक्टरचा हसू मावळलेला चेहरा भिलाला दिसला, आणि त्याची खात्रीच पटली की आपण उद्यापर्यंतसुद्धा टिकत नाही.

गुरुवारी ओसरीवर समाजाची चार जाणती माणसं तक्क्याला टेकून बसली. कडेला छगन वैद्य, त्याला कुणी बोलावलं नव्हतं म्हणून तो सगळ्यांच्या आधी आला होता. दगा पाटील खांबाशी. त्याची बैलगाडी दारात सोडलेली. रंजनाचं गाठोडं दारामागे बांधून ठेवलेलं. चुनीलाल पाट मांडून बसला होता आणि आईनं दिलेला डिंकाचा लाडू हातात धरून होता, जणू लाडू आणि फारकती दोन्ही त्याला सारखीच होती.

“डाक्टर म्हने पोऱ्या साफ शे,” पंचांतला म्हातारा म्हणाला. “दगा, आते तुन्हं काय म्हननं?”

दगा मान खाली घालून उठायला लागला, तेवढ्यात अंगणात सायकल आली. डॉक्टर पाटणकर. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, चुनीलालकडे एकदा निरखून पाहिलं, आणि म्हणाला, “मला एक शंका राहिली आहे. मुलानं आत्ता, इथंच, बाटली भरून द्यावी. पंचांसमोर तपासतो.”

पार्वतीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर पंच बघताहेत. चुनीलाल, ज्याला आयुष्यात कुणी काही विचारून करायला सांगितलं नव्हतं, उठला, न्हाणीत गेला आणि बाटली घेऊन आला. बाटलीत दूध. कुणीही गवळी फसला असता असं.

छगन जागेवरून अर्धा उठला. “दखा! मी सांगं व्हतं का नही? धातू!”

डॉक्टरनं ते पांढरं पाणी नळीत घेतलं, खिशातल्या कुपीतून वर थोडं ईथर ओतलं. ओसरीभर गोडसर उग्र वास सुटला. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून त्यानं ती घुसळली, ताक घुसळावं तशी, आणि खांबाच्या उन्हात धरली. बघता बघता खालचं पांढरेपण विरलं. साध्या माणसाचं साधं पाणी उरलं.

“धातू असता तर विरला नसता,” डॉक्टर म्हणाला. “ईथरमध्ये चरबी विरते. हे तूप आहे. याच्या अंगात बारीक जंत आहे, सुरतेच्या डासांनी दिलेला. त्यानं आतल्या वाटा बुजवल्या आहेत, म्हणून खाल्लेलं तूप अंगाला न लागता लघवीवाटे वाहून जातं. जेवढं घालाल तेवढं जाईल, आणि जाताना अंगातलं सत्त्वही घेऊन जाईल. गोळ्या देतो. पण आधी तूप बंद. यात बायकोचा काय संबंध?”

पण छगनचं दुकान पणाला लागलं होतं, तो गप्प कसा राहील?

“मंग दोन बाटल्या साफ कश्या निंघन्यात, साहेब?”

डॉक्टरनं पार्वतीबाईकडे पाहिलं. एकदाच. मग चष्मा पुसत म्हणाला, “बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. आमच्या दवाखान्यातलीच चूक.”

भला माणूस. पण भलेपणा कुठं दाखवावा याला काही वेळकाळ असतो. छगननं ते वाक्य वरच्यावर झेललं.

“आयका! यास्नी बाटल्या हरपतंस! सोमवारले पोऱ्या साफ, आज जंत, उद्या म्हनतीन पोऱ्याले दिवस गयात! कोनता डाक्टर खरा मानाना? आनि ते कुपीमानं पानी, त्यामा तं काही बी इरी जाई. ऱ्हाऊ द्या. पार्वतीबाई, तूप दुप्पट कर.”

पंच हसले. म्हातारा म्हणाला, दवाखान्याचा भरवसा नाही, पोरगा साफ हे पहिलं बोलणं झालं तेच खरं धरू. दगा उठला. “चाल, पोरी.”

रंजना दारामागे वळली आणि गाठोडं उचललं. चुनीलालनं हातातला लाडू तोंडाकडे नेला, आणि सदऱ्याची बाही कोपरापर्यंत घसरली. तो हात पार्वतीबाईनं पाहिला. हाडावर नुसती कातडी. तिनं दोन वर्षं त्या हातात घास दिले होते, पण हात आज पाहिला. त्या सगळ्या ओसरीवर डॉक्टरखेरीज ती नळी किती खरं बोलते हे ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते माणूस गप्प राहिलं तर इज्जत वाचत होती, सून जात होती, आणि पोरगा तुपात बुडून मरत होता. माझ्या हातानं, असं तिच्या मनात आलं, मीच पाजून मारतेय माझ्या लेकराला.

“बाटली हारपनी नही,” ती म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही. तशी ती पदर सारून पुढे आली, पंचांसमोर, जिथं त्या घरची बाई कधी उभी राहिली नव्हती.

“डाक्टरनी चूक नही. बाटली भिलानी व्हती. दोन्ही बाटल्या. मीच भरी लिधी. पावशेर तूप भिलालेच पाजं. आते काय म्हनानं ते माले म्हना. आनि छगन, तू ऊठ. मन्हा पोऱ्याना हातमाना तो लाडू लई जाय, आनि तूच खाय.”

रतिलालनं सवयीनं मान हलवली, आणि मग कशाला हलवली हे लक्षात येऊन तोंड उघडंच ठेवलं. अंगणातल्या गोठ्याच्या दारातून भिलाचा आवाज आला.

“बाई, म्हंजे मी मरत नही?”

“नही रे मेल्या,” पार्वतीबाई म्हणाली, आणि तिथंच बसून हमसून हमसून रडली.

पंच उठले. असल्या वेळी पंचांना घरी फार कामं आठवतात. छगन तर पायताण घालायचं विसरून गेला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तीन-तीनदा समजावलं, की वेळ लागेल, मध्येच पांढरं दिसलं तर घाबरू नका, पण तूप नाही म्हणजे नाही. दगानं गाडी जुंपली, लेकीकडे पाहिलं. रंजनानं गाठोडं परत आत नेऊन ठेवलं. का ठेवलं ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड कुणाला होतं? दगा रिकामी गाडी घेऊन गेला.

सांजेला पानं मांडली. चुनीलालच्या ताटात भाकरी, भाजी, वरण. पार्वतीबाईनं सवयीनं तुपाची पळी भरली, लेकाच्या ताटावर नेली आणि थिजली. भरलेली पळी परत भांड्यात ओतायची तिच्या घराण्यात रीत नव्हती. हात तसाच अधांतरी राहिला. मग तो हळूहळू पुढे सरकला आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, रंजनाच्या भाकरीवर आला.

रंजनानं आपलं ताट हलकेच मागे ओढलं. आवाज चढवला नाही, रागही नव्हता त्यात.

“नको, बाई,” ती म्हणाली. “माले आते सवय ऱ्हायनी नही.”

पळीतून एक थेंब खाली सारवलेल्या जमिनीवर पडला. पार्वतीबाईनं तो बोटानं पुसला, आणि त्या रात्री तीही कोरडीच जेवली.